थकवा म्हणजे आळस नव्हे!

माझ्या नणंदेचं सासर ईटचं. भूम तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगररांगांजवळचं हे गाव. ज्वारी-तुरीची कोरडवाहू शेती, दावणीला म्हशी आणि आजूबाजूच्या गावांमधून खव्याच्या भट्ट्या. मागच्या दिवाळीत मी तिच्याकडे चार दिवस राहिले, तेव्हा एक गोष्ट मनाला फार लागली. लग्नात सगळ्यांच्या आधी उठून अंगण सारवणारी, दोन घागरी एका दमात विहिरीवरून आणणारी आमची वन्सं आता सकाळी उठली की दहा मिनिटं पलंगाच्या कडेवर नुसतीच बसून राहायची. जिना चढताना मध्येच थांबायची. ओठ पांढरे, नखं ठिसूळ.

"वन्सं, बरं नाही का?" मी विचारलं.

"काय सांगू वहिनी, हातपाय गळून गेल्यागत व्हतंय बगा. काम तर करावंच लागतंय, पर उठावंच वाटंना. रात्रभर झोपलं तरी सकाळी तसंच." आणि मग आवाज हळू करून म्हणाली, "सासूबाई म्हणत्यात, वयाच्या मानानं आळस लई वाढलाय."

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणींनी ऐकलं असेल! कितीजणींनी ते स्वतःच स्वतःला सांगितलं असेल! वन्संचं वय अवघं एकोणचाळीस. फडताळात मी पाहिलं तर 'शक्तीच्या' औषधाच्या तीन बाटल्या. दारावर आलेल्या एका विक्रेत्याकडून घेतलेल्या. म्हशीच्या दुधाचे पैसे साठवून तिने त्या विकत घेतल्या होत्या आणि नवऱ्याला त्यातल्या एकीचीच किंमत सांगितली होती.

परतल्यावर मी या विषयावर बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारलं. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

पेशीतली चूल

आपलं शरीर लहान लहान पेशींचं बनलेलं आहे हे आपण शाळेत शिकलो. त्यांतल्या बहुतेक पेशींत शेकडो, काही पेशींत हजारो बारीक कण असतात. त्यांना मराठी पाठ्यपुस्तकांत 'तंतुकणिका' म्हणतात. डॉक्टर मंडळी 'मायटोकाँड्रिया' म्हणतात. या कणिका म्हणजे पेशीतल्या चुली. आपण खाल्लेली भाकरी, वरण, तेल-तूप पचून तिथवर पोचतं ते जळण, आणि श्वासातून आलेला प्राणवायू हा वारा. दोन्ही मिळाले की शक्ती तयार होते आणि 'एटीपी' नावाच्या रसायनात साठते. हात उचलणं, विचार करणं, हृदयाचा ठोका, सगळं या एटीपीवर चालतं. हे रसायन १९२९ साली सापडलं, आणि ते शोधणाऱ्यांत आपले भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

आता चूल पेटत नसेल तर गृहिणी काय करते? नुसती चुलीला नावं ठेवत बसत नाही. लाकडं ओली आहेत का, वारा लागतोय का, राख साचली आहे का, हे पाहते. थकव्याचंही तसंच आहे. जळण कमी पडतंय, की वारा पोचत नाही, की चुलीतच काही बिघाड आहे, हे आधी शोधलं पाहिजे.

बाईच्या बाबतीत सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे लोह. ते दोन ठिकाणी लागतं. एक, रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये. ते फुप्फुसातून प्राणवायू उचलून पेशींपर्यंत नेतं, म्हणजे चुलीला वारा घालतं. आणि दुसरं, थेट त्या तंतुकणिकेत. तिथे 'सायटोक्रोम' नावाची प्रथिनं असतात, त्यांच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो. लोह कमी पडलं की वाराही कमी आणि चूलही मंद. मग नुसतं टॉनिक ओतून काय होणार?

आपल्याच एका बाईचा शोध

या सायटोक्रोमशी एका मराठी स्त्रीचं नाव जोडलेलं आहे, आणि ते आपल्याला माहीत असायला हवं. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण. जन्म १९११ चा. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने झाल्यावर त्यांनी बंगलोरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. शेवटी पहिलं वर्ष परीक्षेवर, अशा अटीवर प्रवेश मिळाला. त्यांनी डाळी आणि दुधातल्या प्रथिनांवर काम करून १९३६ साली पदवी घेतली आणि त्यानंतर संस्थेची दारं मुलींसाठी उघडली.

पुढे केंब्रिजला गेल्यावर त्यांनी दाखवून दिलं, की 'सायटोक्रोम सी' हे प्रथिन प्राण्यांप्रमाणे वनस्पतींच्या पेशींतही असतं. बटाट्यावर काम करताना हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे माणूस काय आणि बटाट्याचा वेल काय, शक्ती तयार करण्याची रीत एकच! १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता असं सांगतात.

परत आल्यावर त्यांनी काय केलं? मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरा, डाळी, गरिबांच्या ताटातलं अन्न यांवर काम केलं. नंतर ग्राहक चळवळीत उतरून भेसळ कशी ओळखावी हे साध्या शब्दांत बायकांना सांगितलं. पेशीतल्या चुलीपासून स्वयंपाकघरातल्या चुलीपर्यंत त्यांचा रस्ता सरळ होता. १९९८ साली त्या गेल्या.

निम्म्याहून अधिक बायका

आता आकडा ऐका. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे सुधारणा सोडाच, वाढ झाली. हळदीकुंकवाला दहाजणी जमल्या तर त्यातल्या पाचजणींच्या अंगात रक्त कमी! गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर स्त्रीचं ११ च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय समजतात.

वन्संना मी हट्टाने प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. बोटाला टोचून रक्त घेतलं. आकडा आला ७.८. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या आकड्यावर तुम्ही म्हशींचं सगळं करता, याचंच मला नवल वाटतं. ह्याला आळस म्हणत नाहीत." ते ऐकून वन्सं रडल्या. थकव्याने नव्हे; कुणीतरी खरं मानलं म्हणून.

मग कारण निघालं. पाळी आठ-नऊ दिवस चालायची, भरपूर अंगावरून जायचं. "बायकांना व्हतंच की," असं म्हणत पाच वर्षं काढलेली. शेजारणीने सल्ला दिला होता, पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल. मैत्रिणींनो, हा सल्ला आपल्या भागात फार स्वस्त झाला आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढल्याचं २०१९ साली उघड झालं, तेव्हा राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. शस्त्रक्रिया कधी कधी खरोखर लागते, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा गोळ्यांनी रक्तस्राव आटोक्यात येतो. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय पिशवी काढायला होकार देऊ नका. वन्संचं गोळ्यांवर भागलं.

आणखी एक ध्यानात ठेवा. कधी हिमोग्लोबिन ठीक असतं, पण शरीरातला लोहाचा साठा रिता झालेला असतो. तो 'फेरिटिन' या तपासणीत कळतो. २०१२ साली फ्रान्समध्ये अशा १९८ थकलेल्या स्त्रियांवर प्रयोग झाला. बारा आठवडे लोहाची गोळी घेणाऱ्यांचा थकवा जवळजवळ ४८ टक्क्यांनी उतरला, नुसती दिसायला सारखी गोळी घेणाऱ्यांचा २९ टक्क्यांनी. तेव्हा "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून कुणी वाटेला लावलं तर फेरिटिनविषयी जरूर विचारा.

घरचं ताट, घरची शक्ती

भारतीय स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह मिळावं असं २०२० साली राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितलं आहे. पुरुषाला १९. म्हणजे घरात सर्वांत जास्त गरज जिला, तीच सर्वांच्या शेवटी, उरलंसुरलं खाऊन उठते! आपल्या ताटाचा मोठा दोष हाच आहे. पदार्थ मात्र आपल्याकडे उत्तम आहेत.

१०० ग्रॅम तांदळात एक मिलिग्रॅमहून कमी, ज्वारीत सुमारे ४, बाजरीत ६ च्या पुढे आणि हुलग्यात ८ च्या पुढे लोह असतं. तीळ आणि कारळं याहूनही वरचढ. पाहुणे आले म्हणून भाकरी बाजूला सारून भात-पोळी करण्याची आपल्याला लाज वाटायला हवी ती यासाठी! पण धान्यातलं लोह अंगी लागणं सोपं नाही. त्यातला बराचसा भाग तसाच निघून जातो. तेव्हा पुढच्या गोष्टी पाळा.

जेवताना ताटात लिंबाची फोड, कच्चा टोमॅटो, आवळ्याचं लोणचं किंवा पेरू असू द्या. आंबटातलं 'क' जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं.

जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा नको. चहातली तुरट द्रव्यं लोह अडवून धरतात. मध्ये तासभर जाऊ द्या. आपल्याकडे चहा-भाकरी खाऊन शेतावर जायची रीत आहे, ती मोडलेली बरी.

कडधान्यं भिजवून मोड आणून खा. मोड आल्यावर लोह अडवणारं द्रव्य कमी होतं.

भाजी लोखंडी कढईत, भाकरी लोखंडी तव्यावर करा. आंबट भाजी मात्र कढईत ठेवून देऊ नका, शिजली की काढून घ्या.

मेथी, चाकवत, तांदुळजा, शेपू, हरभऱ्याचा पाला, यांपैकी एक पालेभाजी रोज. हिरव्या पाल्यात मॅग्नेशियम असतं, तेही त्या चुलीला लागतं.

आता दुधाची गोष्ट. आमच्या वन्संकडे तीन म्हशी. पण सगळं दूध पहाटे भट्टीवर जातं. चार-पाच लिटर दूध आटवावं तेव्हा किलोभर खवा होतो. तो दूरदूर जातो, पेढे होतात. घरात मात्र काळा चहा! घर माळकरी, मांस-अंडं नाही. अशा घरात बी-१२ हे जीवनसत्त्व मिळायची जागा म्हणजे दूध-दही-ताक. तेच विकलं तर नसांना आणि रक्ताला बी-१२ कुठून मिळणार? हातापायाला मुंग्या, विसराळूपणा, जीभ लाल होणं, ही त्याची लक्षणं. मी वन्संच्या यजमानांना म्हटलं, "भावजी, रोजचं अर्धा लिटर दूध घरात ठेवा. औषधाच्या बाटल्यांपेक्षा स्वस्त पडेल." ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "ठिवतो वहिनी. ह्याचा हिशोब कधी केलाच न्हवता." कमतरता फार असेल तर नुसत्या दुधाने भरत नाही; तपासणी करून डॉक्टर इंजेक्शन किंवा गोळ्या देतात.

आणि एक सरळ सांगते. हिमोग्लोबिन ७-८ वर आलं असेल तर गूळ-शेंगदाणे आणि बीट-खजूर यांनी ते भरून निघत नाही. तिथे गोळीच हवी. आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. गोळीने शौचाला काळी होते, थोडं मळमळतं. घाबरून सोडू नका, डॉक्टरांना सांगून जेवणानंतर घ्या. आकडा सुधारला तरी साठा भरायला पुढे काही महिने गोळी चालू ठेवावी लागते. पण तपासल्याशिवाय वर्षानुवर्षं लोह घेऊ नका, जास्त झालेलं लोहही बाधतं. आणि गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, त्यांना त्या विषासमान आहेत.

चालणं, झोप आणि महागड्या कॅप्सूल

१९६७ साली अमेरिकेत होलोझी नावाच्या शास्त्रज्ञाने उंदरांना काही आठवडे पळवलं, तेव्हा त्यांच्या स्नायूंमधल्या तंतुकणिकांचं काम जवळजवळ दुपटीने वाढलेलं आढळलं. माणसातही व्यायामाने या चुली वाढतात. तुम्ही म्हणाल, दिवसभर राबतो तो व्यायाम नाही का? राबणं वेगळं. ओणवं बसून केर काढणं आणि मोकळ्या हातांनी वीस मिनिटं भरभर चालणं यांत फरक आहे. आधी रक्त सुधारू द्या, मग दहा मिनिटांनी सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा.

झोप सात तास तरी हवी. पहाटे चारला भट्टीसाठी धारा काढायच्या असतील तर रात्री अकरापर्यंत मालिका आणि मोबाईल परवडत नाही. दुपारी अर्धा तास पाठ टेकवली तर त्यात चोरी नाही.

बाजारात हल्ली 'तंतुकणिकांना ताकद' देणाऱ्या कॅप्सूल मिळतात. 'क्यू-टेन' नावाचं द्रव्य त्यांत असतं. ते आपलं शरीर स्वतःच बनवतं. तंतुकणिकांचा दुर्मीळ जन्मजात आजार असलेल्यांना डॉक्टर ते देतात. आपल्यासारख्या थकलेल्या बाईला त्याने बळ येतं याचा पक्का पुरावा नाही. ते पैसे डाळ, दूध आणि रक्ततपासणीवर खर्च करा.

थकवा हटत नसेल तर

रक्त सुधारलं तरी थकवा राहिला तर थायरॉईड, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. खोकला, बारीक ताप, वजन उतरणं असेल तर क्षयाची तपासणी लगेच करा. मन उदास असेल, कशात गोडी वाटत नसेल, तर तोही आजारच आहे, त्यालाही औषध आहे. चालताना धाप, छातीत दुखणं, पायावर सूज असेल तर एक दिवसही थांबू नका.

आणि सगळ्या तपासण्या ठीक येऊनही सहा महिन्यांहून जास्त काळ अंग मोडून पडलं असेल, थोडं काम केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणच धरावं लागत असेल, तर तो दीर्घकालीन थकव्याचा एक स्वतंत्र आजार असू शकतो. अशा रोग्यांच्या तंतुकणिकांवर संशोधन चालू आहे, अजून पक्का उपाय हाती नाही. या आजारात मात्र वर सांगितलेला चालण्याचा सल्ला लागू नाही. उगाच व्यायाम वाढवत नेल्याने त्रास वाढतो. इंग्लंडच्या आरोग्य संस्थेने २०२१ साली तसा सल्ला देणं थांबवलं. आपली शक्ती ओळखून, काम वाटून घेऊन, मध्ये विसावा घेत दिवस काढणं हाच तिथे मार्ग.

एका दिवसाचं ताट

वन्संसाठी आम्ही दोघींनी बसून हे ठरवलं. तुम्हाला यातून काही घेता येईल.

सकाळी: उठल्यावर एक पेरू किंवा आवळा. न्याहारीला भाकरी, कारळ्याची चटणी, वाटीभर दही. चहा नंतर तासाभराने.

दुपारी: दोन ज्वारीच्या भाकरी, मोड आलेल्या हुलग्याची उसळ, पालेभाजी, कांदा, लिंबाची फोड.

संध्याकाळी: मूठभर शेंगदाणे किंवा तिळाचा लाडू.

रात्री: बाजरीची भाकरी किंवा खिचडी, वरण, कोशिंबीर. झोपताना कपभर दूध.

कारळ्याची चटणी: वाटीभर कारळं मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. पाच-सहा सुक्या मिरच्या, आठ लसूण पाकळ्या आणि मीठ घालून जाडसर कुटा. कोरडी राहिली तर पंधरा दिवस टिकते.

तीन महिन्यांनी वन्संचा फोन आला. आकडा १०.९. "जिना एका दमात चढले बगा वहिनी!" आनंद आवाजात मावत नव्हता. मग म्हणाली, धाकटीलाही तपासलं. पंधरा वर्षांची मुलगी, आकडा ९.४. शाळेतून आली की पडून राहायची आणि आम्ही तिला "मोबाईलचं याड" म्हणायचो.

मैत्रिणींनो, या तंतुकणिकांची एक गंमत सांगायची राहिली. त्या आपल्याला फक्त आईकडून मिळतात, वडिलांकडून नाही. आजीकडून आईला, आईकडून लेकीला, अशी ही चूल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पण तिच्यासोबत शेवटी जेवायची सवयही लेकीकडे जात असते, ती मात्र आपल्या हातात आहे. वन्संकडे आता मायलेकी दोघी सगळ्यांबरोबर पाटावर बसतात. सासूबाई पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच लिंबू चिरून ठेवलं होतं.

या आठवड्यात एवढंच करा: जवळच्या आरोग्य केंद्रात जा आणि आपलं हिमोग्लोबिन तपासून घ्या. जाताना लेकीला आणि सासूबाईंनाही बरोबर न्या.